पंधरा दिवस उशिरा

सेवाज्येष्ठता हा शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले. अण्णा, म्हणजे माझे वडील, नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात आस्थापना शाखेत होते आणि माणसांच्या याद्या लावणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. कोण आधी लागला, कोण नंतर, कुणाची बढती कुणाच्या आधी. इतर घरांत जेवताना क्रिकेट निघतं, आमच्याकडे याद्या निघत. त्यांची एक आवडती गोष्ट होती. दोन माणसं एकाच तारखेला नोकरीवर हजर झाली. एकानं सकाळी सही केली, दुसऱ्याची गाडी उशिरा आली म्हणून त्यानं दुपारी केली. बत्तीस वर्षं दुसरा पहिल्याच्या खाली राहिला आणि खालीच निवृत्त झाला. ही गोष्ट अण्णांनी इतक्यांदा सांगितली होती की आई भाकरी थापता थापता तिचा शेवट त्यांच्या आधीच म्हणून टाकायची, "दुपारी आला, दुपारीच ऱ्हायला. जेवा आता."

आमचं घर स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. दोन खोल्या, पुढं थोडी ओसरी, ओसरीत कूलर, आणि त्या कूलरला अण्णांनी एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाला जपावं तसं जपलेलं. पहाटे गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचा आवाज यायचा, त्यावर स्टेशनातली बाई तीन भाषांत गाडीची घोषणा करायची, आणि या दोन्हींच्या वर आई पातेलं आपटून मला उठवायची. रविवारी मुरमुऱ्यांचा सुशीला, वर शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू. बाकी दिवस भाकरी, डाळ आणि जे असेल ते. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, त्याखाली माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांची रांग. अण्णांनी ती प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून खिळ्यांना अडकवली होती. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला माझे मार्क वाचावे लागत.

मार्कांचं त्यांना वेड होतं आणि त्याला कारण होतं. ते नोकरीला लागले तेव्हा शेजारच्या टेबलावरचा माणूस त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला होता, "यांचं काय, यांना मिळतंच." पुढं तो माणूस अण्णांकडूनच इंग्रजी मसुदे लिहून घ्यायचा, पण ते वाक्य काही अण्णांच्या डोक्यातून गेलं नाही. मला ते म्हणायचे, "आपल्याला नुस्तं पास होऊन चालत न्हाई. इतकं मिळव की कुनाला बोलायला जागाच ऱ्हाऊ नये." मी मिळवत गेले. मला अभ्यासाची आवड होती असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर मला त्या पिशव्यांची सवय झाली होती.

पायलट व्हायचं कसं सुचलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. दुपारच्या वेळी एक लहान विमान आमच्या गच्चीवरून खाली उतरत जायचं आणि मी वाळत घातलेल्या कुरडयांची राखण करताना त्याची चाकं बघायचे, एवढंच आठवतं. त्या वर्षांत नव्या नव्या विमान कंपन्या निघत होत्या आणि पायलट मिळत नाहीत म्हणून पेपरात रोज ओरड होती. पैसा कसा उभा केला ते इथं लिहीत नाही, तो उभा झाला. दोनशे तासांचं उड्डाण झालं, लायसन हातात पडलं, आणि परीक्षा व मुलाखतीनंतर एका कंपनीनं मला घेतलं. निवड यादीत मी तिसरी होते. अण्णांनी तो कागद सत्तावीस वेळा तरी वाचला असेल, आणि दर वेळी खालून वर.

आता जे सांगायचं ते इथून सुरू होतं. चाकूरजवळच्या आमच्या मूळ गावात माझा सत्कार ठरला होता. पत्रिका छापून झाल्या होत्या. सत्कार काही आमच्या बौद्धवाड्यात नव्हता. मिरवणूक वेशीतून आत, मारुतीच्या पारावरून, थेट ग्रामपंचायतीपर्यंत येणार होती. अण्णांच्या वडिलांनी त्या रस्त्यानं चपला हातात घेऊन ये-जा केलेली. मिरवणुकीसाठी माझे धाकटे चुलते, दिगंबरकाका, तीन महिने बैठकांना बसले होते. सरपंच पाटलांनी अखेर हो म्हटलं, जीपही देतो म्हणाले, आणि दोन घरं नाराज झाली ती झाली. असं सगळं जुळलेलं असताना सत्काराच्या आठ दिवस आधी कंपनीचा मेल आला. सोमवारी मुंबईला हजर व्हा. सत्कार त्याच्या पुढच्या रविवारी.

मी म्हटलं, सत्कार पुढं ढकलू. अण्णा ओसरीत कूलरमध्ये पाणी ओतत होते. कळशी खाली ठेवून म्हणाले, "तुला गाव म्हाईत न्हाई. एकदा पुढं ढकललं की ते होत न्हाई. ते लोक म्हणतील, बघा, आमी तर तयार होतो." मग कळशी पुन्हा उचलून, "त्यांना इचार की, पुढच्या बॅचला आलं तर चालतं का. पंधरा दिवसांनी काय होतंय?"

मी अण्णांकडं बघत राहिले. "अण्णा, तुम्ही म्हणताय हे?"

"आगं, ते खासगी हाय," ते म्हणाले. "तितं हुशारी बघतेत. सकाळी आला का दुपारी आला, हे आमच्या सरकारी लोकायचं दुखणं."

मी फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. दर पंधरा दिवसांनी नवी बॅच निघतेच, पुढच्या बॅचला या, काहीच अडचण नाही, आणि अभिनंदन. मी मेल लिहिला, तिनं होकार पाठवला. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

सत्कार झाला. तो किती चांगला झाला हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कुणाला कळणार नाही. हलगी होती, लेझीम होतं, वेशीत बायकांनी ओवाळलं. पाटलांच्या आईनं वरच्या माडीवरून बघितलं आणि मग खाली येऊन माझ्या हातात नारळ दिला. माझ्या अंगावर कॅप्टनची टोपी आणि चार पट्ट्यांचा कोट घातला होता, जो लातूरच्या फॅन्सी ड्रेसच्या दुकानातून भाड्यानं आणलेला होता. मला एकही पट्टी अजून मिळालेली नव्हती. मी नको नको म्हटलं, पण दिगंबरकाका म्हणाले, "लोकायला इमान दिसत न्हाई, निदान टोपी तर दिसू दे." येसरची आमटी, भात आणि बुंदीची पंगत पारासमोरच बसली, दोन्ही आळींची माणसं एका रांगेत. अण्णा जेवले नाहीत. वाढपी होऊन फिरत राहिले. त्यांच्या पायात नवे बूट होते आणि ते मधूनच खाली बघायचे. माणूस इतका आनंदात असलेला मी त्यानंतर पाहिला नाही, त्यांनाही नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही.

फाट्यावर माझं फ्लेक्स लागलं. गगनभरारी घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, खाली एकवीस शुभेच्छुक आणि वर त्या भाड्याच्या टोपीतली मी.

कंपनीत मी पंधरा दिवस उशिरा गेले. प्रशिक्षण झालं, आणि चार महिने मी खऱ्या विमानात उजव्या खुर्चीवर, को-पायलट म्हणून बसले. त्या चार महिन्यांचं वर्णन मी करणार नाही. केलं तर हे प्रकरण तिथंच राहील आणि मला पुढं यावंसं वाटणार नाही. मग तेल महागलं, लोकांनी प्रवास कमी केला, अर्धी रिकामी विमानं उडायला लागली. उन्हाळ्याच्या तोंडाशी कंपनीनं पाच विमानं परत केली आणि एका दुपारी आम्हा नव्या लोकांना हॉलमध्ये बोलावलं. बिनपगारी रजा. दिवस सुधारले की परत बोलवू. कुणीतरी विचारलं, नावं कशी काढली? टाय घातलेला एक तरुण अधिकारी होता, त्याला स्वतःलाच घाम फुटला होता. तो म्हणाला, हजर झाल्याच्या तारखेनं. आमच्या बॅचपासून खालचे सगळे रजेवर, वरचे सगळे कामावर. बोलवतानाही तोच क्रम. मी चुकवलेल्या त्या पहिल्या बॅचमधली हरलीन माझ्या शेजारी उभी होती. ती हैद्राबादची, निवड यादीत एकोणिसावी. तिनं माझा हात धरला. मला आठवतं, मी त्या वेळी एकच विचार करत होते. अण्णांना काय सांगायचं?

नांदेडला उतरले तर ते स्टेशनावर आलेले. माझी बॅग घेतली आणि रिक्षात बसायच्याही आधी विचारलं, "यादी कशी लावली? तारखेनं का?"

"नाही," मी म्हटलं. "मार्कांनी. सिम्युलेटरच्या परीक्षेत मला कमी पडले."

हे मी मुंबईहून येताना घोकून आले होते. मला वाटलं होतं, मी कमी पडले म्हटलं की विषय माझ्यावर येईल आणि संपेल. त्यांचा तो एक रविवार मला शाबूत ठेवायचा होता. अण्णांनी रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "किती कमी पडले?" मी एक आकडा सांगितला. तो काय होता तेही आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझी तयारी घ्यायला सुरुवात केली. विमानाच्या कॉकपिटचा एक मोठा कागदी तक्ता मिळतो. खरं विमान हाताशी नसेल तेव्हा पायलट त्यावर हात फिरवून सराव करतात. तो मी भिंतीला चिकटवला, त्याच्या जागेसाठी प्रगतिपुस्तकं काढावी लागली. रोज सकाळी सहाला मी लोखंडी खुर्ची ओढून तक्त्यासमोर बसायची आणि अण्णा शेजारच्या स्टुलावर चष्मा लावून चेकलिस्ट वाचायचे, एकेक शब्द सावकाश, ऑफिसात फाइल वाचावी तसा. "पार्किंग ब्रेक?" मी कागदावर बोट ठेवून म्हणायची, "सेट." "फ्युएल पंप?" "ऑन." चुकलं की ते मान वर न करता म्हणायचे, "परत." आई दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "किती दिस हे कागदावर इमान चालवून ऱ्हायलेत तुमी?" अण्णा म्हणाले, "पुन्ना मार्क कमी पडाया न्हाई पायजेत." मी तक्त्याकडे तोंड करून बसले होते हे बरं होतं.

संध्याकाळी ऑफिसातून आले की सायकल भिंतीला लावता लावता त्यांचा प्रश्न, "आला होता का फोन?" नाही म्हटलं की "बरं" म्हणून हातपाय धुवायला जायचे. फोन येणार नव्हता. यादीत माझ्यावर, माझ्याच बॅचमधले, वयानं मोठे असे नऊ जण होते आणि त्यांतल्याही कुणाला फोन आला नव्हता. दुसऱ्या कंपन्यांचं म्हणाल तर नव्या पायलटला कुणी दारात उभं करत नव्हतं. हजारो तास उडालेले कॅप्टन घरी बसलेले, मला कोण विचारतो? पायलटचं लायसन कपाटात ठेवून टिकत नाही. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा द्यावी लागते, डॉक्टरी तपासणी करावी लागते. कंपनी नसेल तर सगळं स्वतःच. पहिल्या वेळी दिली. दुसऱ्या वेळी नाही जमलं, आणि लायसनवरची तारीख उलटून गेली. ती उलटली त्या दिवशी सकाळीही अण्णांनी चेकलिस्ट वाचली आणि मी उत्तरं दिली.

गल्लीत लोक विचारायचे. आधी काळजीनं, मग सवयीनं. अण्णा मात्र बदलत चालले होते आणि ते मला उशिरा लक्षात आलं. पाहुण्यांना माझे मार्क दाखवणं त्यांनी बंद केलं. ती पुस्तकं आईनं ट्रंकेत टाकली तरी त्यांनी विचारलं नाही. एकदा ऑफिसातला कुणीतरी घरी आला आणि म्हणाला, तुमच्या पोरीला अन्यायानं काढलं असेल. अण्णा म्हणाले, "न्हाई न्हाई. कमीच पडली ती." किती सरळपणे म्हणाले. मी आत चहा गाळत होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागले. लातूरमध्ये शिकवणाऱ्याला काम मिळतं, एवढं एक बरं आहे. सोमवारी पहाटेची एसटी, आठवडाभर लातूर, शनिवारी संध्याकाळी परत, आणि रविवारी सकाळी सहाला पुन्हा तक्ता. वाटेत चाकूर, आणि पुढं आमच्या गावाचा फाटा. फ्लेक्स अजून तसंच होतं. उन्हानं माझा चेहरा पांढरा पडत गेला, शुभेच्छुक एकेक करून पुसले गेले, शेवटी फक्त टोपी राहिली. गाडीत बसलेलं कुणी मला ओळखेल ही भीती त्यामुळं आपोआप गेली. घरी पोचले की अण्णा ओसरीत उभे. "आला होता का फोन?"

हरलीन आली ती अशाच एका शनिवारी. आईला घेऊन गुरुद्वाऱ्याला आली होती, आणि नांदेडला येऊन तुला न भेटता कशी जाऊ म्हणून मिठाईचा डबा घेऊन घरी. ती अजून उडत होती. तिनं भिंतीवरचा तक्ता बघितला आणि त्यावरून बोट फिरवलं. अण्णांनी तिला अगदी कामाचं विचारलं, "बेटा, सिम्युलेटर का मार्क कैसा बढ़ाना? इसका उसमेंच कम पड़ा ना."

"किसका, इसका?" हरलीन हसली. "अंकल, दोनों बैच में सिम्युलेटर में सबसे अच्छा चेक इसका था. इन्स्ट्रक्टर हमको बोलते थे, इससे सीखो. मार्क का कुछ नहीं था अंकल. तारीख का था. पंद्रह दिन पहले आ जाती ना ये, तो आज मेरे साथ उड़ती." मग माझ्याकडे बघून, "तूने बताया नहीं?"

तिची काही चूक नव्हती. तिनं चहा घेतला, आईच्या पाया पडली, रिक्षात बसली. मी गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून परत आले तेव्हा अण्णा स्टुलावर बसलेले होते, तक्त्याच्या शेजारी, त्यांच्या नेहमीच्या जागी.

"तारखेनं लावली होती यादी."

"हो."

"आन् तू मला मार्काचं सांगितलीस."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, अण्णा. सत्काराचं..."

"वाईट!" ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. आवाज मोठा नव्हता. "दीड साल झालं. त्या टेबलावरच्या मान्साचं मी आख्ख्या नोकरीत कदी खरं मानलो न्हाई. आन् तुझ्यापायी मानलो. म्हनलो, असंल बाबा. आपल्यात कमीच असंल कायतरी."

आईनं तव्यावरची भाकरी खाली उतरवली. मला वाटलं होतं मी त्यांचा एक दिवस वाचवतेय. मी त्यांचं सगळं आयुष्य हातात घेऊन खाली ठेवलं होतं, आणि तेही जपून, आवाज न करता.

रविवारी सकाळी ते सहाला उठले आणि तक्त्यासमोर आले नाहीत. ओसरीत बसून लिहीत होते. कोरा ताव, समासाची घडी, विषय, संदर्भ. त्यांच्या त्या सुरेख सरकारी इंग्रजीत त्यांनी कंपनीला निवेदन लिहिलं होतं. सदर उमेदवारास हजर होण्यास झालेला विलंब हा सर्वस्वी तिच्या वडिलांच्या आग्रहामुळे झाला असून त्यात उमेदवाराचा कोणताही दोष नाही. निवड यादीत ती तिसरी होती. सबब तिची ज्येष्ठता मूळ तारखेपासून धरण्यात यावी. अशी शेकडो निवेदनं त्यांच्या टेबलावरून गेली होती आणि बहुतेकांवर त्यांनी स्वतःच नामंजूर असा शेरा तयार केला होता.

मी या वेळी खोटं बोलले नाही. म्हटलं, "अण्णा, लायसनची तारीख गेली. आणि ती कंपनी विकायला निघालीय, विमानं उडतायत तेवढीच. त्या ऑफिसात आता कुणी बसत नाही, हरलीन म्हणाली."

"पत्ता तर हाय न्हवं," ते म्हणाले, आणि सोमवारी ऑफिसला जाताना पाकीट रजिस्टर पोस्टानं टाकून गेले.

पाकीट महिनाभरानं परत आलं. मी शनिवारी पोचले तेव्हा ते ओसरीतल्या टेबलावर होतं. वर पोस्टाचा शिक्का आणि निळ्या पेनानं लिहिलेलं, या पत्त्यावर कोणी नाही. अण्णांनी ते फोडलं नव्हतं. कोपऱ्यात लाल शाईनं 'प्राप्त' असं लिहून खाली तारीख टाकली होती, नोकरीत आल्या टपालावर टाकायचे तशी, आणि तारखेपुढं एक शब्द, 'दुपार'.

मी चपला काढत होते. नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत मी जरा वेळ लावला, उत्तर तयारच होतं. अण्णा ओसरीत उभे होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

"बस येळेवर होती का?" ते म्हणाले.

"होती," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि पिशवी घेऊन आत गेले. पुढं ते होते तोवर, दर शनिवारी, त्यांनी मला एवढंच विचारलं.